तान्ह्या पोळ्याची रात्र आणि नंतरचे महिने

वर्धा जिल्ह्यातलं नदीकाठचं एक गाव. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही देत नाही. भांडणातल्या एका घराला ट्रॅक्टरवाले म्हणू, दुसऱ्याला बंडीवाले; बंडी म्हणजे आमच्याकडे बैलगाडी. दोघे भाऊबंद. आडनाव एक, कुळदैवत एक, स्मशानातला कोपराही एकच. ट्रॅक्टरवाले थोरल्या पातीचे, म्हणून पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मान त्यांच्या जोडीचा. अडचण एवढीच की त्यांच्याकडे बैलच उरले नव्हते. ट्रॅक्टर घेतला त्याच वर्षी जोडी विकली. तेव्हापासून पोळा आला की शेजारच्या गावच्या सोयऱ्यांची जोडी आणायची, शिंगांना बेगड लावायचा, झूल घालायची आणि तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे उभी करायची, असं तीन पोळे चाललं. गाव हसायचं, पण पाठीमागे. चौथ्या पोळ्याला बंडीवाल्यांचा धाकटा तोंडावर हसला.

पण हे पोळ्याचं भांडण नव्हतंच. भांडण पांदणीचं होतं.

गावातून शिवारात जाणारी पांदण या दोन घरांच्या वावरांमधून जाते. बंडी जाईल एवढी वाट राहिली की बंडीवाल्यांचं भागत होतं, त्यामुळे दर हंगामात त्यांचा वखर वीतभर पुढे सरकायचा. मुद्दाम सरकत असेल, सवयीनं सरकत असेल. दोन्ही बाजूंनी शपथा घेतलेल्या मी ऐकल्या आहेत. वीत-वीत करता पांदण एवढी आकसली की ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर त्यातून जाईना. मग एकदा ट्रॅक्टरवाल्यांनी काठाची पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, चाकाखाली घातली. बंडीवाल्यांनी बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. काट्या उचलल्या तर पुढच्या आठवड्यात तिथे नाली खोदलेली. ऐन डवरणीच्या आणि खताच्या दिवसांत ट्रॅक्टरवाल्यांच्या घरची माणसं डोक्यावर युरियाची पोती घेऊन चिखलातून जात होती. ट्रॅक्टर अंगणात उभा, हप्ता चालू.

अशा वेळी जायचं कुठे, हे कायद्यात लिहिलेलं आहे. वहिवाटीच्या रस्त्यात कुणी अडथळा आणला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार तो काढायला लावू शकतो. रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाट मागता येते. आणि इथे तर रस्ता होता. गाव नकाशात दोन तुटक रेषांनी काढलेला, म्हणजे गाडरस्ता. पण दोघांपैकी कुणीही तहसीलची पायरी चढलं नाही. भावकीत अर्ज म्हणजे युद्ध जाहीर करणं. काट्या टाकणं त्यामानानं घरगुती.

प्रकरण गेलं ते तंटामुक्त समितीकडे. १५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, आणि भांडण चावडीतच मिटावं ही कल्पना गावागावांत रुजली. मी या मोहिमेची टिंगल करणाऱ्यांतला नाही. तिच्यामुळे कोर्टाच्या चकरा वाचलेली माणसं मला ठाऊक आहेत. पण कागदावर मिटलेला तंटा आणि खरोखर मिटलेला तंटा यांत फरक असतो, आणि या गावात तो फरक एका ओळीचा होता. पेरणीच्या आधी झालेल्या समझोत्यावर लिहिलं होतं, 'दोन्ही पक्ष यापुढे गुण्यागोविंदाने राहतील व एकमेकांच्या वहिवाटीस अडथळा करणार नाहीत.' पांदण किती फूट, हे कुठेच नव्हतं. दोघांनी सह्या केल्या. एकानं घरी येऊन सांगितलं की रस्ता मिळाला, दुसऱ्यानं सांगितलं की द्यावा लागला नाही. दोघंही खरंच बोलत होते.

आडवे

आमचं काम काय ते आता सांगायला हवं, नाहीतर पुढची रात्र कळणार नाही.

डॉ. गॅरी स्लटकिन हे अमेरिकेतले साथरोगांचे डॉक्टर. क्षयरोग, कॉलरा अशा साथींवर त्यांनी सोमालियापर्यंत जाऊन काम केलेलं. शिकागोला परतल्यावर त्यांना दिसलं की वस्त्यांमधले गोळीबार साथीसारखेच पसरतात: एका घटनेतून दुसरी, तिच्यातून तिसरी. साथ थोपवायची तर सगळ्या शहराला उपदेश करून भागत नाही, आज कुणाला लागण झाली आहे आणि उद्या कुणाला होईल ते शोधून मध्ये उभं राहावं लागतं. २००० साली शिकागोच्या वेस्ट गारफील्ड पार्क या वस्तीत त्यांनी 'सीझफायर' नावानं काम सुरू केलं, तेच पुढे 'क्युअर व्हायोलन्स' झालं. मध्ये उभी राहणारी माणसं पोलीस नव्हती, समाजसेवकही नव्हती. त्याच गल्लीत वाढलेली, कधी काळी टोळीत असलेली, तुरुंग पाहून आलेली माणसं होती. त्यांचं पोरं ऐकत, कारण ती पोथीतलं बोलत नव्हती.

नागपूरच्या वस्त्यांत मी काही वर्षं याच धर्तीवर काम पाहिलं आणि मग आपल्याकडे, गावांत आणलं. आणताना वाटलं होतं, गाव शहरापेक्षा सोपं जाईल. माणसं कमी, सगळे ओळखीचे. नेमकं तेच अवघड निघालं. वस्तीत दोन टोळ्यांच्या मध्ये दोघांचाही नसलेला माणूस मिळतो. गावात असा माणूस जन्मालाच येत नाही. जो ऐकला जाईल असा आहे तो कुणाचा तरी साडू, कुणाचा तरी मावसभाऊ, कुणाचा तरी देणेकरी. म्हणून आम्ही तटस्थ माणूस शोधणं सोडलं आणि जोड्या केल्या: एक या बाजूचा सोयरा, एक त्या बाजूचा. दोघं मिळून तटस्थ.

कागदोपत्री आम्ही त्यांना मध्यस्थ म्हणत होतो. गावानं त्यांचं नाव 'आडवे' ठेवलं. भांडणाला निघालेल्याला आडवे जातात म्हणून. मांजरीशी तुलना व्हायची ती झालीच.

या गावात आमची जोडी होती मामा आणि मावशी. मामाचा बसस्टँडजवळ पानठेला. विशी-बाविशीत त्यानं धुऱ्याच्या भांडणात चुलत्यावर कुऱ्हाड उगारून मारली होती, आणि पुढची वर्षं नागपूरच्या जेलमध्ये काढली. तो बंडीवाल्यांचा सोयरा. मावशी बचत गटाची जुनी अध्यक्ष, हातभट्टीचे माठ फोडणाऱ्या बायांमध्ये सगळ्यात पुढे असलेली, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या वेटाळाची लेक. दोघांना महिन्याला थोडं मानधन. मामा म्हणायचा, "जेलात रोजी मिळे, तिच्याहून बरं हाये."

तीन नियम आम्ही आधीच ठरवले होते. एक, कुणीही एकटं जायचं नाही. शिकागोच्या धर्तीवर चालणाऱ्या बाल्टिमोरच्या कार्यक्रमात २०२१ ची सुरुवात ते २०२२ ची सुरुवात एवढ्या काळात तीन कार्यकर्ते गोळीबारात मारले गेले. मध्ये उभं राहण्याचं काम किती महाग पडू शकतं हे आमच्या माणसांना कळावं म्हणून ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगतो. दोन, आपण पोलिसांचे खबरी नाही, पण जीव जाण्याची वेळ आली तर ११२ लावायला कुणाची परवानगी लागत नाही. तीन, जिथे एक बाजू दुसरीच्या पायाखाली आहे तिथे समेट घडवायचा नाही. दलित-आदिवासींवरचा अत्याचार असेल तर १९८९ चा कायदा आहे, आपण फक्त फिर्यादीसोबत ठाण्यापर्यंत जायचं. लैंगिक गुन्हा, घरातली मारझोड, तिथेही तेच. या दोन घरांत जात एक, जमीन सारखीच. म्हणून ते आमच्या कामाचं प्रकरण होतं. जात वेगळी असती तर पुढचं सगळं वेगळं लिहावं लागलं असतं.

पोळा आणि त्याचा दुसरा दिवस

पोळ्याला तोरणाखाली जोड्या लागल्या. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, झाल्या. आणि धाकटा ओरडला, "भाड्याच्या बैलायले कायचा मान बे!" हशा पिकला. धक्काबुक्की झाली, म्हाताऱ्यांनी सोडवली, तोरण तुटलं, बैल पळाले. इतकं तर दरवर्षी होतं.

पण कुणीतरी चौदा सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. रात्रीपर्यंत तो धाकट्याच्या तीन मित्रांच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर होता, खाली 'भाड्याचे बैल' आणि हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मामानं तो सकाळी ठेल्यावरच पाहिला. आम्हाला कळवलं नाही. "पोळ्याची मस्करी वाटली जी," असं नंतर म्हणाला. नागपूरच्या वस्त्यांत आम्ही स्टेटस पहाटेच तपासायचो. गावात ते महत्त्वाचं नसेल असं गृहीत धरणारा मीच होतो, त्यामुळे मामाला बोल लावणार कसा?

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. लाकडी बैल घेऊन लेकरं दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत हिंडतात, आणि मोठी माणसं पितात. वर्धा म्हणजे दारूबंदीचा जिल्हा, सेवाग्रामचा जिल्हा. पण नदी ओलांडली की दुसरा जिल्हा लागतो आणि तिथे दुकानं उघडी. बाटल्या डोंग्यातून येतात. शिवाय मोहाची तर गावातच.

संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्यांच्या मुलानं, वय चोवीस, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं, धाकट्याला चौकात गाठलं आणि लेकरांच्या देखत एक कानाखाली वाजवली. धाकटा काही न बोलता घरी गेला. बंडीची उभारी, म्हणजे बाजूचा लाकडी दांडा, उपसून आणली. पहिला घाव डोक्यावर आला, दुसरा अडवायला वर केलेल्या उजव्या हातावर. डोक्याला सात टाके, मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. धाकटा अंधारात पळाला.

तेव्हा साडेआठ झाले होते.

रात्र

पहाटे साडेपाचपर्यंतच्या त्या नऊ तासांवर मी जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या कामातलं शिकवता येण्यासारखं बरंचसं तिथे आहे.

जखमी मुलाला एका गाडीत घालून तालुक्याला नेलं. अंगणात अकरा माणसं गोळा झाली. दोघांकडे कुऱ्हाडी, बाकीच्यांच्या हातात मिळेल ते. मामा आणि मावशी पोचले तेव्हा बापाचा पहिला शब्द होता, "मामा, तू त्यायचा सोयरा. तू इथून जाय."

मामा गेला नाही आणि शांत राहा असंही म्हणाला नाही. आम्ही हे घोकून घेतलं आहे: पेटलेल्या माणसाला 'शांत हो' म्हणणं म्हणजे तुझं दुःख खोटं आहे असं सांगणं. मामा म्हणाला, "जातो. पण पोट्ट्यासंगं कोण गेलं ते सांग. डॉक्टर सही मांगन, तवा बाप पाहिजे. तू इथं कुऱ्हाड घेऊन बसला तं सही कोण करन?"

हे बापाला पटलं असं नाही, पण विचारात पाडलं. मग मामानं कामं वाटायला सुरुवात केली. बापाला आणि एका पुतण्याला दवाखान्यात. तिथून वर्ध्याला पाठवलं तर पैसे लागतील, म्हणून एकाला पैशांच्या सोयीला. रक्त लागलं तर द्यायला दोघं तयार. एकाला ट्रॅक्टरवाल्यांच्या मुलीला, जावयाला फोन करायला. दहा वाजेपर्यंत अकरातले पाच उरले. जमाव पांगवायचा तर त्याला काम द्यावं लागतं. रागावलेल्या माणसाचे हात रिकामे राहू द्यायचे नाहीत. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, मामानं केलेलं पाहून लिहून घेतलं.

उरलेल्या पाचांत एक चुलतभाऊ होता, तो काही केल्या ऐकेना. मामा त्याच्याशेजारी ओट्यावर बसला आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "मी गेलो होतो ना बापा. तुह्याच वयाचा होतो. त्या रात्री मले कोणी आडवं आलं असतं तं माह्या बापाच्या मयताले मी असतो." चुलतभावाला ही गोष्ट ठाऊक होती, साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण मामाच्या तोंडून ती कुणी ऐकली नव्हती.

मावशी सरळ चुलीपाशी गेली होती. गावात बदला अंगणात ठरत नाही. आतून एक वाक्य येतं, 'हातात बांगड्या भरा', आणि त्यानंतर अंगणातल्या माणसाला परत फिरायला वाट राहत नाही. मुलाची आई तेच बोलायच्या बेतात होती. मावशी म्हणाली, "वहिनी, हा शब्द आज चुलीभाईर जाऊ देऊ नका. एक पोरगा दवाखान्यात हाये, दुसरा जेलात पाहिजे का?" मग तिच्याकडून पोळ्या लाटून घेतल्या, दवाखान्यातल्या माणसांसाठी डबा बांधून घेतला. सून दाराच्या आड उभी होती. मावशीनं तिला चादर आणायला सांगितली. तिनं आणून दिली. तिच्याशी एवढंच बोलणं झालं.

इकडे बंडीवाल्यांच्या घरी म्हातारा बाप, आई आणि थोरला भाऊ. हल्ला होईल तो माणसावरच असं नाही. आमच्याकडे सूड घ्यायची जुनी रीत म्हणजे कुटाराच्या ढिगाला काडी लावणं. वर्षभराचा चारा जळतो, आणि लावली कुणी ते सिद्ध होत नाही. म्हणून आमची दोन पोरं रात्रभर त्या कुटाराजवळ बाज टाकून बसली. गाणी लावून, मुद्दाम, आपण आहोत हे ऐकू जावं म्हणून.

मी चाळीस किलोमीटरवर होतो. साडेअकराला पोचलो आणि बसस्टँडवरच थांबलो. हा मुद्दा नव्यानं जबाबदारी घेणाऱ्यांना पटवायला मला फार जड जातं. प्रमुखानं अंगणात जायचं नसतं. तो गेला की प्रसंगाचा तमाशा होतो, आणि ज्यांनी उद्या, परवा, पुढच्या महिन्यात त्याच गावात राहायचं आहे त्यांचा शब्द हलका होतो. माझं काम फोनवर होतं. पोलीस पाटलानं ठाण्यात कळवलं होतंच. ठाणेदारांना मी एकच विनंती केली: गाडी अवश्य पाठवा, पण ती शाळेजवळ उभी करा, ट्रॅक्टरवाल्यांच्या दारात नको. दारात गाडी लागली असती तर संशयित ते ठरले असते, आणि मार तर त्यांनीच खाल्लेला. ठाणेदारांनी ऐकलं. प्रत्येक ठिकाणी ऐकतात असं नाही.

पहाटे धाकट्याचा ठाव लागला, बहिणीच्या गावी. मामानं फोनवर त्याला लपून राहायला मदत करणार नाही असं सांगितलं, आणि ठाण्यात एकटं जाऊ देणार नाही असंही. दुपारी पोलीस पाटील, मामा आणि थोरला भाऊ त्याला घेऊन हजर झाले. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, आणि घातक हत्यारानं केलेली गंभीर दुखापत आपसात मिटवता येत नाही. गुन्हा दाखल झाला. दोन्ही घरांतल्या चौघा-चौघांना शांततेच्या हमीच्या नोटिसा गेल्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं कलम १२६ झालं आहे, पण गावात अजून जुन्या संहितेच्या कलमावरून 'एकशेसात केली' असंच म्हणतात.

तंटामुक्तीच्या दोन सदस्यांना हा गुन्हा दाखल झालेला आवडला नाही. गावाची फाइल खराब झाली असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

पांदणीला आठ महिने

रात्र नऊ तासांची. पांदणीला आठ महिने लागले. सांगायला गेलो की लोक रात्र ऐकतात आणि पांदणीच्या वेळी मोबाइल काढतात.

तरी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टरवाल्यांच्या बापानं तहसीलला अर्ज केला, आणि अर्ज करणार आहे हे आधी बंडीवाल्यांना मामाकडून कळवलं. हे कळवणं आमच्या लेखी अर्जाहून मोठं होतं. गाव नकाशाची नक्कल काढली. दोन तुटक रेषांचा गाडरस्ता साडेसोळा ते एकवीस फुटांचा धरतात. मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस आला तेव्हा अरुंद जागी पांदण साडेसात फूट भरली. मजा म्हणजे अतिक्रमण दोन्ही बाजूंचं निघालं. ट्रॅक्टरवाल्यांच्या आजोबांनी लावलेली सागाची चार झाडं सरळ रस्त्यात उभी होती. ती निघाली तेव्हाच बंडीवाल्यांचा म्हातारा पहिल्यांदा मोजणीच्या ठिकाणी येऊन बोलला. कापूस निघाल्यावर, उन्हाळ्यात मुरूम पडला. एका ठिकाणी अजून अकराच फूट आहे. तिथे विहिरीचं तोंड येतं आणि त्याला कुणाचा इलाज नाही.

पाच महिने मी आमच्या वहीत दर आठवड्याला एक रकाना भरत होतो: 'पुन्हा हल्ला, धमकी किंवा नासधूस झाली का?' दर आठवड्याला 'नाही'. या प्रकरणाची गोष्ट मी दोन बैठकांमध्ये सांगूनही झाली होती.

वहीत नव्हतं ते

संक्रांतीला ट्रॅक्टरवाल्यांची सून माहेरी गेली आणि परत आली नाही.

मुलाचं मनगट जुळलं, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. कापूस वेचायला येत नाही, स्टिअरिंग नीट धरवत नाही. बाप येता-जाता बोलायचा, "मार खाऊन आला." बाहेर बदला घ्यायचा नाही असं साऱ्या गावासमोर ठरलेलं. पोरगा नदीपलीकडून बाटली आणायला लागला आणि डाव्या हातानं बायकोला मारायला लागला. दिवाळीपासून हे सुरू होतं.

मावशी त्या घरी तेवढ्या काळात निदान दहा वेळा गेली होती. सासूशी बोलली, बापाशी बोलली, चुलतभावाशी बोलली. काही ठरून राहिलं का, कोणी धमकी दिली का, पोट्ट्याचं डोकं कसं आहे, हे सगळं विचारलं. सुनेला चहा मागितला, पाणी मागितलं. मी तिला विचारायला गेलो तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊ, मी चुलीपाशी बसून माणसायचीच चौकशी केली."

ती तिची एकटीची चूक नव्हती. रकाना मी आखला होता. स्लटकिन यांची साथीची उपमा मी अजून मानतो, पण साथ म्हटलं की ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते एवढंच मी पाहत होतो. इथे ती दारातून बाहेर पडली नाही, आत वळली. बाहेरचा रस्ता आम्हीच बंद केला होता, आणि तो बंद करायलाच हवा होता. पण तो राग कुठे जाईल, हे विचारायला आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये शिकागोच्या कामाची पाहणी केली तेव्हा काही वस्त्यांत गोळीबार घटलेले दिसले, काहींत फारसा फरक दिसला नाही. मोजले होते गोळीबार. तिथल्या घरांच्या आत काय चाललं होतं हा त्या पाहणीचा विषय नव्हता. तो आपलाही विषय नाही असं मी स्वतःला सांगत होतो, कारण आमचा तिसरा नियम सांगायचा की घरातल्या मारझोडीत समेट घडवायचा नाही. समेट घडवायचा नाही आणि विचारायचंच नाही, यांतला फरक मी पुसून टाकला होता.

त्यानंतर जे बदललं ते मोठं नाही. वहीत रकाने वाढले. ज्याला मार बसला त्याच्या घरच्या बाईला मावशीनं एकटीला गाठायचं, सासूच्या देखत नाही. विहिरीवर, वावरात, बचत गटाच्या बैठकीहून परतताना. पहिल्या आठवड्यात, आणि मग महिन्या-महिन्यानं. विचारायचं ते थेट: तुला कोणी मारतं का. मावशीचं म्हणणं, हे विचारायला तिला अंगणातल्या अकरा माणसांपेक्षा जास्त धीर लागतो. दुसरं, जखमी माणसाकडे मामानं जायचं. बदल्याची चौकशी करायला नव्हे, नुसतं बसायला. मार खाऊन गप्प बसलेल्या माणसाला गावात मोठेपण मिळत नाही, ते कुणीतरी द्यावं लागतं. आम्ही त्या पोराला संयमी म्हणून बैठकांत मिरवलं, पण त्याच्या अंगणात पाच महिन्यांत कुणी त्यासाठी गेलं नाही.

सुनेनं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज केला. घरच्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. पांदणीसारखं हेही बसून मिटवून द्या म्हणाले. बाप म्हणाला, "तुमीच तं आमाले थांबवलं होतं ना त्या रात्री, मंग आता हे बी तुमीच पाहा." त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. आम्ही बसून मिटवणार नाही, हे मामानं सांगितलं. त्यानंतर दोन महिने त्या घरचं कुणी ठेल्यावर पान खायला आलं नाही.

यंदाचा पोळा झाला. खांदशेकणीच्या संध्याकाळी ट्रॅक्टरवाल्यांच्या अंगणात सोयऱ्यांची जोडी होतीच, आणि तो पोरगा डाव्या हातानं त्यांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होता. तोरणाखाली पहिली जोडी कुणाची, ते ग्रामसभेत चिठ्ठी टाकून ठरलं. चिठ्ठी तिसऱ्याच घराची निघाली. धाकटा जामिनावर आहे. तो पोळ्यात आलाच नाही, वावरात थांबला. त्या दिवशी कुणाच्या स्टेटसवर काय आहे ते मामानं पहाटेपासून चार वेळा पाहिलं. मुख्यतः बैल होते.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी सुनेची कोर्टात तारीख होती. मावशी आदल्या दिवशीच तिच्या माहेरी मुक्कामाला गेली. सकाळची बस चुकली तर दुसरी नाही, म्हणून मामानं ठेला बंद ठेवला आणि कुणाची तरी गाडी मागून दोघींना वर्ध्याला सोडून आला.